आंकड्यांचें सूत्र

जमाखर्चाची वही घरांत असावी, एवढेंच नव्हे, तर ती घरांतील कोणासही वाचतां यावी, असा आमचा जुना आग्रह आहे. आतां वहीची जागा पुष्कळ घरीं संगणकावरील कोष्टकानें घेतली आहे. कोष्टकांतील आंकडा सर्वांस दिसतो. तो ज्या नियमानें आला तो नियम मात्र क्वचितच कोणी पाहतो. या एकाच गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावें, म्हणून ‘एससी-आयएम’ नांवाच्या एका विनामूल्य साधनाचा परिचय येथें करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विद्येचें मूळ शाळेच्या फळ्यांत आहे. हार्वर्ड येथें व्यापारशास्त्र शिकत असतां इ. स. १९७८ मध्यें डॅन ब्रिकलिन यांनीं पाहिलें कीं, फळ्यावरील कोष्टकांत एक आंकडा बदलला म्हणजे अध्यापकांस पुढील सारे आंकडे पुसून पुन्हां मांडावे लागतात. हें कष्टाचें काम यंत्राकडे सोंपवावें, या विचारांतून बॉब फ्रँक्स्टन यांच्या साह्यानें १९७९ मध्यें ‘व्हिसिकॅल्क’ निघालें. पुढें १९८२ च्या सुमारास, जावा भाषेचे भावी जनक जेम्स गॉस्लिंग यांनीं युनिक्स यंत्रांसाठीं तसेंच एक कोष्टक रचिलें. मार्क वायझर यांनीं तें सुधारून ‘व्हीसी’ या नांवानें प्रसृत केलें; पुढें त्यासच ‘एससी’ हें नांव पडलें. आमचें प्रस्तुत साधन त्याचेंच वंशज होय.

हें टर्मिनलमध्यें, म्हणजे केवळ अक्षरांच्या पडद्यावर चालतें. माऊसची येथें गरज नाहीं. एच, जे, के, एल या कळांनीं अनुक्रमें डावीकडे, खालीं, वर व उजवीकडे जावें; ‘=’ दाबून आंकडा अथवा सूत्र लिहावें; चुकल्यास ‘यू’ दाबून केलेलें मागें घ्यावें. आरंभीं हें रुक्ष वाटतें. पण ज्यानें रामाचीं रूपें पाठ केलीं आहेत त्यास चार कळांचें भय कसलें? एकदां तीं बोटांस वळण पडलें कीं डोळे आंकड्यांवर मोकळे राहतात.

उभ्या रकान्यांस रोमन अक्षरांचीं नांवें असतात आणि ओळींची गणना शून्यापासून होते. म्हणून कोपऱ्यांतील पहिलें घर ‘ए०’. (पडद्यावर रोमन लिपि असते, आम्ही नागरींत लिहितों.) समजा, ‘ए०’ या घरांत व्याजाचा दर ७ लिहिला आणि ‘बी०’ मध्यें मुद्दल १,००,००० रुपये. आतां ‘बी१’ मध्यें आंकडा न लिहितां ‘बी०+बी०*$ए$०/१००’ हें सूत्र लिहावें व त्याची नक्कल खालच्या दोन घरांत उतरवावी. तीन वर्षांअखेर चक्रवाढीनें १,२२,५०४ रुपये ३० पैसे दिसतात. दर ६ करतांच तिन्ही घरें आपोआप बदलून अखेरची रक्कम १,१९,१०१ रुपये ६० पैसे होते.

त्या ‘$’ चिन्हांत सारें मर्म आहे. सूत्राची नक्कल खालीं उतरली म्हणजे त्यांतील घरांचीं नांवेंही एकेक ओळ खालीं सरकतात. ज्यामागें ‘$’ आहे तें मात्र स्थिर राहतें. पाणिनीचें अधिकारसूत्र आपल्या जागीं राहून पुढील सूत्रांवर सत्ता चालवितें, तसेंच हें. चिन्ह गाळल्यास दुसऱ्या वर्षाचें सूत्र दरासाठीं ‘ए१’ या रिकाम्या घराकडे पाहतें. रिकामें घर म्हणजे शून्य. व्याज थांबतें, आणि सात टक्के दर असूनही तिसऱ्या वर्षाअखेर १,०७,००० रुपयेच दिसतात. यंत्र कांहींएक तक्रार करीत नाहीं!

असा प्रमाद मोठमोठ्या पंडितांसही चुकलेला नाहीं. कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय कर्जावरील २०१० सालच्या निबंधाचा पुष्कळ देशांत आधार घेतला गेला. २०१३ मध्यें थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्यानें त्यांचें कोष्टक तपासलें, तों सरासरीच्या सूत्रांत वीसांपैकीं पांच देश सुटलेले आढळले. निबंधावर इतरही आक्षेप होते, व लेखकांनीं आपलें मत सर्वस्वीं सोडलें नाहीं. पण ही चूक त्यांनीं मान्य केली. ती सांपडली, कारण कोणी तरी सूत्र उघडून वाचलें.

या दृष्टीनें आमच्या साधनाचे दोन गुण सांगण्याजोगे आहेत. ज्या घरावर जावें त्याचें सूत्र पडद्याच्या वरच्या भागीं दिसतें. आणि सारें कोष्टक साध्या मजकुराच्या रूपानें जतन होत असल्यामुळें तें कोणत्याही लेखन-साधनांत उघडून वाचतां येतें. पुढें शिकूं इच्छिणाऱ्यास एखाद्या घराशीं लुआ भाषेंतील छोटी आज्ञावली जोडून देतां येते. मात्र सामर्थ्य वाढलें तशी तपासणीही वाढली पाहिजे.

आमची सूचना एवढीच : घरांतील एकानें कोष्टक रचावें आणि दुसऱ्यानें त्यांतील एक तरी उदाहरण कागदावर हातानें सोडवून ताडून पाहावें. उत्तर जुळल्यावरच त्या आंकड्यावर मुलीच्या शिक्षणाचा किंवा वृद्धांच्या औषधपाण्याचा बेत बसवावा.