नावेतला संसार

"काका, भाडं वाचतं!" म्हणत पुतण्याने लंडनच्या कालव्यावर नॅरोबोट घेतली. व्हिडिओत बदकं दिसतात, हिशेब दिसत नाही. कायमची जागा भाड्याने घेतली नाही, तर १९९५च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नाही. शिवाय परवाना, विमा, दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी, डिझेल, कोळसा.

पण मंडळी, खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची. रंग नाही, वास नाही; डोकं दुखतं, मळमळतं, आपण फ्लू समजून झोपतो. २०१९पासून राहत्या नावेत त्याचा अलार्म सक्तीचा आहे. पुतण्याचा खणात पडलेला! "पोळ्या करताना उगाच वाजतो."

उगाच नव्हता. थंडी लागते म्हणून त्याने हवेची झरोकी कापडाने बुजवली होती. कापडं मीच उपसून काढली.