भंडारदऱ्याचा जलाशय, काजवे आणि आपण

मे महिना सरत आला, माळ्यावरच्या आंब्यांच्या अढ्या संपूं लागल्या आणि मुलांचे निकाल लागून गेले, म्हणजे एकत्र कुटुंबांत एक प्रश्न हटकून निघतो : सुटीचे उरलेले चार दिवस कोठें घालवावयाचे ? पूर्वी या प्रश्नाचें उत्तर आजोळ, कुलदैवत अथवा फार तर महाबळेश्वर असें ठरलेलें असे. आतां तसें राहिलें नाहीं. घरांतील तरुण मंडळी तंबूंत राहावयाचें म्हणतात, तें शब्द वापरतात 'कॅम्पिंग'; आणि वडील मंडळींच्या कपाळास आठ्या पडतात. रानांत, तळ्याच्या कांठीं, कापडाच्या घरांत लेंकीसुनांना घेऊन रात्र काढावयाची हें त्यांना पटत नाहीं. या वादांत आमचें मत कोणीं विचारलें नव्हतें. परंतु प्रस्तुत स्थळीं आम्ही सहकुटुंब दोनदां जाऊन आलों असल्यामुळें तें देण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असें वाटतें.

हें स्थळ म्हणजे भंडारदरा. पूर्वींच्या अहमदनगर आणि इ. स. २०२४ पासून अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या अगदीं पश्चिम टोंकास, अकोले तालुक्यांत, सह्याद्रीच्या ऐन कण्याशीं तें वसलें आहे. इगतपुरीस आगगाडींतून उतरून घोटीवरून मोटारीनें जावें. कळसूबाईचा डोंगर डावीकडे कीं उजवीकडे असा मुलांचा तंटा सुरू होतो न होतो तोंच शेंडी गांव येतें आणि समोर पाण्याचा विस्तीर्ण पट दिसूं लागतो.

हें पाणी प्रवरेचें. रतनगडाच्या कुशींत उगम पावणारी ही नदी पुढें टोक्यानजीक प्रवरासंगम येथें गोदावरीस मिळते. 'प्रवरा' म्हणजे श्रेष्ठ. भाविक तिला अमृतवाहिनीहि म्हणतात. तिच्यावर दगडी धरण बांधण्यास इ. स. १९१० मध्यें प्रारंभ झाला व १९२६ सालीं तें पुरें झालें. मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचें नांव त्यास मिळालें. उंची सुमारें ८२ मीटर, म्हणजे जुन्या मापानें २७० फूट. जलाशयांत सुमारें ११ अब्ज घनफूट पाणी मावतें. यंत्रांचा आजच्यासारखा सुकाळ नसतां हा पहाड माणसांच्या हातांनीं रचला गेला, हें मुलांना धरणाच्या पायथ्याशीं उभें करून सांगावें. पुस्तकांतून सांगून तें कळत नाहीं.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. या पाण्यावर खालीं संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडचा ऊस डोलतो. आणि ज्यांच्या अंगणांतून तें दिसतें अशा कांहीं डोंगरवाड्यांतील बाया चैत्र-वैशाखांत डोईवर हंडे घेऊन वणवण हिंडतात. पाणी उताराकडे जातें हा सृष्टीचा नियम खरा. पण तो सर्वस्वी सृष्टीचाच आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

जलाशयाच्या भोंवतालचें रान हें कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे. हें अभयारण्य इ. स. १९८६ मध्यें जाहीर झालें, आणि त्याचा विस्तार सुमारें ३६१ चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्रांतील सर्वोच्च शिखर कळसूबाई, १६४६ मीटर उंचीचें, याच्याच हद्दींत येतें. बिबट्या, तरस, भेकर, रानडुक्कर यांची येथें वस्ती आहे. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर हे येथील मुख्य वृक्ष, आणि उतारांवर कारवी. ही कारवी सात वर्षांनीं एकदां फुलते असें येथील लोक मानतात, व फुलली म्हणजे डोंगरचे डोंगर जांभळे होतात. येथील मूळचा समाज महादेव कोळ्यांचा. इंग्रजांविरुद्ध बंड उभारून २ मे १८४८ रोजीं ठाण्यास फांसावर गेलेले राघोजी भांगरे याच तालुक्यांतील देवगांवचे. मुलांना तेथें नेतांना हें नांव ठाऊक असावें. नाहींतर 'येथील आदिवासी' म्हणजे चहा आणून देणारी माणसें एवढाच त्यांचा समज होतो.

आतां ज्यासाठीं हल्लीं लोकांचे लोंढे तिकडे लोटतात त्या काजव्यांकडे वळूं. मे महिन्याचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य, मृगाचा पाऊस जोरानें कोसळूं लागेपर्यंत, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, मुतखेल, रतनवाडी या गांवांच्या रानांत अंधार पडला कीं झाडें पेटतात. 'पेटतात' हाच शब्द योग्य. एखादा सादड्याचा वृक्ष बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लक्षावधि ठिणग्यांनीं भरतो. क्षणांत सर्व ठिणग्या विझतात, पुन्हां एकदम उजळतात, जणूं त्या वृक्षाचा श्वासोच्छ्वासच चालला आहे. शेजारचें झाड आपला ताल निराळा ठेवतें, आणि मग एखादी लाट उतारावरून खालीं पाण्यापर्यंत धांवत जाते.

आमच्या पूर्वजांनीं या किड्यास दिलेलीं नांवें पाहा. खद्योत, म्हणजे आकाशांत चमकणारा. आणि ज्योतिरिंगण, म्हणजे हिंडणारी ज्योत. मेघदूतांतील यक्ष मेघास सांगतो कीं, माझ्या घरांत डोकावतांना आपली वीज काजव्यांच्या ओळीइतकीच मंद कर. घरांत विरहिणी निजलेली आहे, तिचे डोळे दिपूं नयेत. आम्हीं हा श्लोक तीस वर्षें वर्गांत शिकविला. परंतु वीज मंद करावी म्हणजे किती मंद करावी याचें माप आम्हांला पांजऱ्याच्या रानांत मिळालें.

शास्त्र काय म्हणतें तेंहि थोडक्यांत सांगतों. काजवा हा माशी नव्हे, तो भुंगेऱ्यांच्या वर्गांतला. त्याच्या पोटाच्या शेवटल्या भागांत एक द्रव्य असतें, त्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन उजेड पडतो. दिव्याच्या ज्योतीप्रमाणें त्यांत उष्णता वायां जात नाहीं, म्हणून त्यास थंड प्रकाश म्हणतात. नर लुकलुकून मादीस खूण करतो आणि झुडपांत अगर गवतांत बसलेली मादी उत्तर देते. हा सारा उत्सव म्हणजे शेंकडों विवाहांची बोलणींच म्हणाना ! पंख फुटलेल्या काजव्याचें आयुष्य अवघें दोनतीन आठवड्यांचें. त्यापूर्वीं कित्येक महिने तो अळीच्या रूपानें ओलसर मातींत, पालापाचोळ्याखालीं, गोगलगाई खाऊन वाढतो. म्हणजे आपण जें झाडावर पाहतों त्याचें मूळ आपल्या पायांखालीं असतें.

येथेंच सारी मेख आहे. आम्ही दुसऱ्यांदा गेलों तो जूनचा पहिला शनिवार होता. शेंडीपासून मोटारींची रांग लागलेली. प्रत्येकीचे दिवे प्रखर, कित्येकींतून गाण्यांचा धडाका. तरुण मुलें काजव्यांच्या झाडाखालीं उभी राहून मोबाईलचा झोत वर टाकीत होतीं व छायाचित्र उमटत नाहीं म्हणून पुन्हां झोत टाकीत होतीं. एका गृहस्थांनीं तर फांदी हलवून 'उडवून दाखवितों' म्हणून मुलांस हौसेनें बोलाविलें. पाण्याच्या कांठीं एका मोठ्या छावणींत शंभराच्या वर तंबू, मध्यें उंच खांबावर पांढरे दिवे, आणि ध्वनिक्षेपकावर मध्यरात्रीपर्यंत नाच. त्या छावणीच्या अंगची झाडें काळीं ठिक्कर होतीं. आम्ही उतरलों होतों तें शेत तेथून दोन हांकांच्या अंतरावर. आमच्याकडील जांभळीवर मात्र दिवाळी होती.

आमचे यजमान एक कोळी शेतकरी. त्यांच्या भाताच्या खांचरांत सात-आठ तंबू, एक चूल आणि एक कंदील एवढाच संसार. आमच्या धाकट्या नातवानें विजेरी पेटवितांच यजमानांच्या आई ओसरीवरून म्हणाल्या, "बाळा, बत्ती इझव. त्येंचं लगीन हाय, उजेडात लाजत्यात ती." वर आम्हीं जें शास्त्र सांगितलें तें त्या आजींनीं एका वाक्यांत सांगितलें. नर-मादीच्या खुणा प्रखर उजेडांत बुडून जातात, त्यांची गांठ पडत नाहीं, अंडीं घातलीं जात नाहींत, आणि पुढच्या ज्येष्ठांत तें झाड अंधारें राहतें. गाडीचीं चाकें व शेंकडों पाय ज्या पाचोळ्यावरून जातात त्यांतील अळ्यांचें काय होत असेल तें सांगावयास नकोच.

यावर कोणी म्हणेल कीं, मग जाऊंच नये हें उत्तम. घरांतील वडील मंडळी हें ऐकून मान डोलावतील हें आम्ही जाणतों. परंतु हा निकाल आम्हांस मान्य नाहीं. त्याच यजमानांशीं सकाळीं चहा घेतांना आम्हीं विचारलें, तंबूंचें हें काम केव्हांपासून धरलें ? ते म्हणाले, "गुरुजी, पूर्वी भात काढून झालं की आम्ही दोघंबी नारायणगावाकडं मजुरीला. पोरं आजीपाशी. आता पोरं शाळेत हायेत." या एका वाक्यापुढें आमची जाऊं नये ही सूचना टिकत नाहीं. पाहुणा आला तर त्यांचें घर चालतें, आणि काजवा राहिला तरच पाहुणा येतो. तेव्हां काजव्याचें रक्षण करण्यांत सर्वांत अधिक हित त्यांचेंच आहे. कोणाच्या छावणींत उतरावयाचें हें ठरविणें आपल्या हातीं आहे, आणि तेथेंच आपण चुकतों. शहरांत बसून, जेथें दिवे अधिक, गाणीं अधिक, सोयी अधिक, तें ठिकाण आपण पसंत करतों व पैसे भरतों. मग रान नासलें म्हणून हळहळतों.

म्हणून जावयाचें तर असें जावें. शनिवार-रविवार टाळावा, निवृत्त माणसांस व सुटींतील मुलांस मंगळवार काय आणि रविवार काय! शेंडीच्या नाक्यावर वनखात्याचा प्रवेशकर भरावा लागतो. काजव्यांच्या दिवसांत रात्रीच्या प्रवेशावर निर्बंध असतात, त्यांची वेळ तेथेंच विचारून घ्यावी आणि ती पाळावी. उजेड असतांनाच मुक्कामाच्या जागीं पोंचावें, मोटार तेथेंच सोडावी व रान पायीं पाहावें. विजेरीवर तांबडा पातळ कागद गुंडाळून ती जमिनीकडे धरावी. वाटेवरूनच पाहावें, झाडाखालीं शिरूं नये, आणि काजवा बाटलींत भरून घरीं आणण्याचा मुलांचा हट्ट मुळींच पुरवूं नये. अंधारास डोळे सरावण्यास पंधरावीस मिनिटें लागतात. तेवढा वेळ सर्वांनीं मुकाट्यानें बसावें. आमच्या घरांतील बारा माणसें एकाच वेळीं गप्प बसलेलीं आम्हीं तेथें प्रथम पाहिलीं.

गृहिणींनीं फराळाचा डोलारा बरोबर घेऊं नये. दशम्या आणि लोणचें पुरे. रात्रीचें जेवण यजमानांकडे सांगावें : नागलीची भाकरी, पिठलें, आणि मिळाला तर काळभात. हा सुवासिक भात अकोले तालुक्याची खासियत आहे; चुलीवर शिजूं लागला कीं तंबूंतून माणसें आपोआप बाहेर येतात. सोंवळ्याओंवळ्याची ज्यांच्या घरीं अजून अडचण असेल त्यांनीं ती घरींच ठेवून यावें, असें आम्ही आमच्या वयाच्या अधिकारानें सांगतों. अंथरुणाखालीं जाड सतरंजी हवी, कारण खांचराची ढेंकळें पाठीस मोजतां येतात. पायांत वहाणा नकोत, बूट असावेत. या दिवसांत विंचू व साप बाहेर पडतात. तंबूची चेन क्षणभरहि उघडी टाकूं नये. जलाशयांत पोहण्यास कोणासहि उतरूं देऊं नये. कांठाशीं उथळ दिसणारें पाणी एकाएकीं खोल जातें. आजीआजोबांस तंबूंत उठण्याबसण्याचा त्रास होतो, त्यांची सोय यजमानांच्या ओसरीवर होते व ती अधिक सुखाची असते.

दुसरे दिवशीं लवकर निघून रतनवाडीचें अमृतेश्वराचें मंदिर पाहावें. काळ्या पाषाणाचें हें शिल्प फार जुनें आहे. शिखरावरील नक्षी आणि बाहेरची रेखीव पुष्करणी पाहण्यास एक तास अपुरा पडतो. याच गांवांतून रतनगडास वाट जाते. गडाच्या माथ्यावरील नेढें, म्हणजे खडकांतील आरपार भोंक, तरुणांनीं जाऊन पाहावें, आपण खालीं देवळांत बसावें. साम्रदची सांदण दरी अद्भुत खरी, पण पावसाची चाहूल लागल्यावर तिच्यांत पाऊल टाकूं नये. वर कोठें पाऊस पडला तरी त्या चिंचोळ्या फटींत पाणी अवचित भरतें.

ज्यांना केवळ तंबूचें व तळ्याचें सुख हवें, काजव्यांचें नव्हे, त्यांनीं मार्गशीर्ष-पौषांत जावें. तेव्हां गर्दी बेताची, आकाश स्वच्छ आणि पाणी कांठोकांठ भरलेलें असतें. पहाटे जलाशयावर धुकें तरंगतें व पलीकडच्या कांठावरील कोंबड्याची बांग पाण्यावरून जशीच्या तशी ऐकूं येते. थंडी मात्र हाडांत शिरणारी. दोन कांबळीं प्रत्येकीं घ्यावींत आणि एक जास्त, कारण घरांतील कोणीतरी आपलें विसरतेंच.