चार कोपरे धरणारी माणसं

पहिल्या दिवशी मी स्वतः जोडलेला ड्रोन उडालाच नाही. गावाकडच्या माळावर, ऊन उतरल्यावर, चटईएवढी जागा झाडून त्याला ठेवला. रिमोटवरची थ्रॉटलची काडी नखभर वर सरकवली आणि त्याने जागच्या जागी डावीकडे कोलांटी मारली. माती पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा डावीकडेच. तिसऱ्यांदाही तेच. रात्री अंथरुणावर एकच विचार छळत राहिला: एखादा जोड ढिला असता तर ड्रोन कधी इकडे, कधी तिकडे कलंडला असता. हा दर वेळी त्याच बाजूला, तेही पूर्ण ताकदीने. जणू ठरवून.

खरंच ठरवून करत होता. पण ते कळायला आधी तो हवेत टिकतो कसा, हे समजावं लागलं.

कागदाचं विमान हातातून सुटलं की आपल्या आकाराच्या जोरावर तरंगत जातं. चार पंख्यांच्या ड्रोनला असा आकाराचा आधार नाही. तळहातावर उभी काठी तोलावी तसा त्याचा प्रकार: काठी सतत पडतच असते, आणि हात ती पडायच्या आत तिच्याखाली जातो. फ्रान्समध्ये १९०७ साली ब्रेगे आणि रिशे यांनी चार दिशांना चार फिरते पंखे असलेलं यंत्र बांधलं. माणसाला घेऊन ते जमिनीपासून थोडंसं उचललं गेलं खरं, पण तोल राखायला चार माणसं यंत्र धरून उभी होती. इंजिनात जोर होता. कमी पडली ती पडण्याआधी सावरण्याची चपळाई.

त्या चार माणसांचं काम आज नखापेक्षा लहान चिप करते. तिच्या पोटात सिलिकॉनचा एक सूक्ष्म भाग सतत थरथरत असतो. ड्रोन वळला की ती थरथर किंचित बाजूला ढळते, आणि त्या ढळण्यावरून वळण्याचा वेग कळतो. विषुववृत्त ओलांडणाऱ्या मोसमी वाऱ्यांना वळवून नैर्ऋत्येकडून आपल्याकडे आणणारा कोरिऑलिस परिणाम तो हाच! ज्या गोष्टीमुळे आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, ती माझ्या टेबलावरच्या चिपमध्ये सेकंदाला ८,००० वेळा मोजली जात होती, हे वाचलं तेव्हा सोल्डरिंगची गन बाजूला ठेवून मी बराच वेळ नुसता त्या चिपकडे बघत बसलो.

माझी कोलांटी इथेच उलगडली. यूएसबीचं तोंड मागच्या बाजूला आलं तर केबल लावायला सोपं, म्हणून मी फ्लाइट कंट्रोलरचा बोर्ड, म्हणजे ती चिप बसलेला आणि मोटरींना हुकूम देणारा बोर्ड, १८० अंश फिरवून बसवला होता आणि बीटाफ्लाइट या त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ते सांगायला विसरलो होतो. बॅटरी किंचित डावीकडे बसल्याने ड्रोन उचलताना आधी डावीकडे कलायचा. बोर्डाला वाटायचं, उजवीकडे कलला. मग तो सावरायला उजव्या मोटरी वाढवायचा, आणि कल आणखी वाढायचा. बिचारा सेकंदाला हजारो वेळा, जीव तोडून, स्वतःलाच पाडत होता. सेटिंगमध्ये एक आकडा बदलला आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून पहिली तपासणी हीच: पंखे काढून ड्रोन हातात घ्यायचा, डावीकडे कलवायचा, आणि पडद्यावरचं चित्रही डावीकडेच कलतं का ते पाहायचं.

सुटे भाग निवडताना नवखा माणूस सर्वांत जोरदार मोटर शोधतो. मीही शोधली होती. पण मोटर, पंखा आणि बॅटरी एकमेकांकडे बघूनच निवडायच्या असतात. माझ्या मोटरीवर २३०६ आणि २४५० केव्ही असं लिहिलंय. म्हणजे आतल्या गुंडाळीच्या गाभ्याचा व्यास २३ मिलिमीटर, उंची ६, आणि पंखा नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला २,४५० फेरे. चार सेलची बॅटरी पूर्ण भरली की १६.८ व्होल्ट देते. गुणाकार करा: मिनिटाला ४१,००० हून जास्त फेरे! पंखा बसवल्यावर हवेच्या रेट्याने ते बरेच घटतात. तरी ५ इंची पंख्यांवर अशा चार मोटरी मिळून ५ किलोच्या आसपास जोर लावतात, आणि बॅटरीसकट ड्रोनचं वजन भरतं पाऊण किलोच्या आतबाहेर. याच मोटरींना सहा सेलची बॅटरी लावली तर त्या करपतील. तिथे कमी केव्हीच्या मोटरी हव्यात.

जोडणी झाल्यावर बॅटरी थेट लावू नये. आधी मल्टिमीटर बीपवर ठेवून धन-ऋण एकमेकांना चिकटलेले नाहीत ना, ते बघायचं. मग बॅटरी आणि ड्रोन यांच्या मध्ये गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा दिवा जोडायचा. दिवा क्षणभर लुकलुकून विझला तर सगळं ठीक, कपॅसिटर भरले एवढंच. पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि हजारो रुपयांचा बोर्ड काही रुपयांच्या दिव्याने वाचवलाय. माझा दिवा पेटून राहिला. एका मोटरीचा स्क्रू मिलिमीटरभर लांब होता. तो फ्रेममधून थेट तांब्याच्या गुंडाळीला जाऊन टेकला होता.

आणखी एका गोष्टीने मी उगाच घाबरलो होतो. पंखे न लावता मोटरी फिरवून पाहिल्या, तर थ्रॉटल खाली आणूनही त्या आपोआप वेग घेत राहिल्या. वाटलं, बोर्ड गेला. बोर्ड धडधाकट होता. टेबलावर पडलेला ड्रोन अंशभर वळल्याचं त्याला दिसत होतं, तो सावरायला मोटर वाढवत होता, पण पंखाच नाही तर ड्रोन हलणार कसा? उत्तर येईना, म्हणून तो आणखी जोर लावत राहिला. पंखे नसताना हे व्हायचंच. तरीही टेबलावरच्या सगळ्या चाचण्या पंखे काढूनच कराव्यात, कारण ५ इंची पंखा बोट कापतो.

तंत्राइतकंच नियमांकडेही बघावं लागतं. २०२२ च्या फेब्रुवारीत परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर आपल्याकडे बंदी आली, सुट्या भागांची वाट मात्र खुली राहिली. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या, पट्ट्यात आहे का, ते बघावं लागतं. मी त्यासाठीच गावाकडचा माळ गाठतो.

बॅटरी लावली की ड्रोन गातो. त्यात स्पीकर नाही. मोटरीच्याच गुंडाळ्यांना वेगवेगळ्या वेगाने विजेचे धक्के देऊन मोटरींना वीज पुरवणारा कंट्रोलर त्यांना थरथरवतो, आणि मोटरच भोंगा होते. माझ्या ड्रोनमध्ये पहिले तीन चढते सूर म्हणजे वीज पोचली. नंतरचे दोन म्हणजे फ्लाइट कंट्रोलरचा निरोप पोचला. तीन सुरांवर थांबला तर सिग्नलची तार तपासायची.

त्या रविवारी माळावर पाचही सूर ऐकू आले. काडी नखभर वर सरकवली. धूळ बाजूला सरली, आणि ड्रोन कमरेएवढ्या उंचीवर थांबला. वारा आला, तो किंचित डावीकडे कलला आणि सरळ झाला.