गोदावरींतील जांभुळबेट

परभणी जिल्ह्यांतील गोदावरी म्हटली म्हणजे बहुतेकांस गंगाखेडचे घाट व संत जनाबाई यांचें स्मरण होतें. त्याच प्रवाहाबरोबर आणखी खालीं गेलें असतां पालम तालुक्यांत नदीच्या ऐन पात्रांत झाडीनें गच्च भरलेलें एक बेट लागतें. त्यास जांभुळबेट म्हणतात. दोहों तीरांस काळ्या जमिनीचा उघडा मुलूख, उन्हाळ्यांत तर दृष्टि ठरावयास हिरवें पान मिळणें कठीण, आणि मध्येंच ही थंडगार सावली! तेथें जाणाऱ्यानें हें स्थळ नुसतें रम्य म्हणून पाहूं नये; तें टिकलें कसें व ढासळतें कां, हेंही जाणून पाहावें, असें आम्हांस वाटतें.

नदींत मातीचें बेट दोन रीतींनीं होतें. पुराच्या वेळीं नदी कांठाला दुसरी वाट फोडते व जमिनीचा एक तुकडा दोन धारांमध्यें सांपडतो, ही एक रीत. दुसरी अशी कीं, पाण्याचा वेग जेथें मंदावतो तेथें वाळू व गाळ बसतो. प्रथम त्यावर लव्हाळा उगवतो, त्यांत पुढील वर्षाचा गाळ अडकतो, आणि उंचवटा वाढत जातो. रीत कोणतीही असो, पुढें त्याचें आयुष्य मुळ्यांवर अवलंबून असतें. उघडी वाळू एका पुरांत येते व दुसऱ्या पुरांत जाते. मुळ्यांनीं बांधलेली माती मात्र धरून राहते.

ह्या कामीं जांभळासारखें झाड विरळा. त्याच्या बुंध्याशीं कांहीं दिवस पाणी उभें राहिलें तरी तें मरत नाहीं. फळ पिकतें ज्येष्ठ-आषाढांत, म्हणजे जमीन नुकती ओली होते तेव्हां. आणि हें त्याच्या सोयीचेंच आहे, कारण जांभळाचें बीं सांठवून ठेवण्याजोगें नसतें. तें वाळलें कीं त्यांतील जीव थोड्याच आठवड्यांत जातो. उलट ओल्या मातींत पडलें तर लौकरच अंकुर फुटतो, व पुष्कळदां एका बियेंतून दोन-तीन रोपें निघतात. पक्षी व वटवाघळें फळें खाऊन बिया दूरवर टाकतात, म्हणून पेरणाऱ्या माणसावांचूनही ही राई पसरूं शकते.

बेटावर जाण्यास हिंवाळा उत्तम. झाडींतील पाऊलवाटांनीं पहाटे हळूहळू चालावें, मोठ्यानें बोलूं नये. मोर येथें पुष्कळ. तो जमिनीवरच खळगा करून अंडीं घालतो, यास्तव पावसाळ्याच्या दिवसांत वाट सोडून झुडुपांत शिरणें अगदीं वर्ज्य समजावें. पूर ओसरला म्हणजे नदीकांठच्या खोलगट जागीं डोह व डबकीं मागें राहतात. तींच आमच्या मतें सर्वांत पाहण्यासारखीं. वाहत्या पाण्यांत न टिकणारे किडे, बेडूक व माशांचीं पिलें तेथें वाढतात, आणि त्यांवर टपून बगळे, खंड्या, पाणकावळे व टिटव्या बसलेल्या असतात. घटकाभर एका जागीं स्वस्थ बसणाऱ्यास जें दिसतें तें दिवसभर भटकणाऱ्यास दिसत नाहीं.

आतां ढासळण्याविषयीं. नदींतील बेटाचें वरच्या अंगाचें टोंक पाण्याचा मारा खातें, व खालच्या अंगास गाळ बसतो. जितकें वर तुटतें तितकें खालीं भरत गेलें तर चिंता नाहीं. परंतु पैठणचें जायकवाडी धरण 1976 सालीं पुरें झाल्यापासून वरच्या खोऱ्यांतील बराचसा गाळ नाथसागरांतच राहतो. धरणांतून सोडलेलें निवळ पाणी आपली भूक खालच्या कांठांची माती खाऊन भागवतें. त्यांत पात्रांतील वाळू उपसली म्हणजे तळ खोल जातो, कांठाचा पायाच सुटतो, आणि मुळ्यांसकट झाड कलंडतें. 2012 सालीं सर्वोच्च न्यायालयानें वाळूच्या लहान खाणींसही पर्यावरणखात्याची मंजुरी आवश्यक ठरविली, ती अशाच अनुभवावरून. वाळू फुकटची संपत्ति आहे हा समज आमच्या लोकांत अद्याप फार दृढ आहे. ती नदीचा पाया आहे, हें मात्र घर बांधतांना कोणास सुचत नाहीं.

आसामांत ब्रह्मपुत्रेंतील माजुली नांवाचें विस्तीर्ण बेट गेल्या शतकांत झिजून निम्म्याहूनही लहान झालें. पण त्याच नदींतील एका ओसाड वाळवंटावर जादव पायेंग ह्या गृहस्थानें 1979 पासून एकट्यानें झाडें लावण्यास आरंभ केला. आज तेथें मोठें अरण्य उभें असून 2015 सालीं त्यास पद्मश्री मिळाली. त्याच्याजवळ यंत्रें नव्हतीं. आरंभीं त्यानें बांबू लावला, कारण वाळूंत दुसरें कांहीं जगण्याचा संभव थोडा होता.

जांभुळबेटासही हाच क्रम लागू पडेल. तुटत्या कांठावर एकदम जांभूळ लावून उपयोग नाहीं. प्रथम वाळा लावावा. त्याच्या मुळ्या उभ्या खोल जातात व माती आवळून धरतात. त्याच्या आडोशास, थोडें आंतल्या बाजूस, जांभळाचें ताजें बीं टाकावें. जून महिन्याच्या अखेरीस भेट देणाऱ्यांनीं जांभळें खाऊन बिया खिशांत घालून घरीं नेऊं नयेत. तेथेंच ओल्या गाळांत बोटानें खळगी करून, वर पेरभर माती लोटून द्यावी.