मूत्राशयात भरावयाचे औषध

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

मूत्राशयातील गाठ मूत्रमार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढतात. रुग्ण शुद्धीवर येतो, घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात, तोच परिचारिका निळसर जांभळ्या औषधाची पिचकारी घेऊन खाटेजवळ येते. 'हे काय?' म्हणून विचारावे, तर उत्तर मिळते 'केमोथेरपी', आणि साऱ्यांच्या काळजात धस्स होते. केस गळणार, उलट्या होणार, माणूस खंगणार! मग कोणीतरी वडीलधारे म्हणतात, 'आज नको, उद्या विचार करून सांगतो.' परंतु हे औषध चोवीस तासांच्या आत, शक्य तर पहिल्या काही तासांतच, द्यावयाचे असते. विचार करावयाचा तो शस्त्रक्रियेपूर्वीच करावा.

गाठ खरवडताना तिच्या काही पेशी सुटून मूत्राशयात तरंगतात व ताज्या जखमेवर पुन्हा रुजू शकतात. त्या रुजण्यापूर्वी मारणे हा या एका मात्रेचा हेतू. गाठ वरवरच्या थरापुरती असेल तेव्हाच तिचा खरा उपयोग. अमेरिकेत ४०६ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाला. काहींच्या मूत्राशयात जेमसायटाबीन भरले, इतरांच्या नुसते मिठाचे पाणी. चार वर्षांत गाठ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण पाणीवाल्यांत शेकडा ४७, तर औषधवाल्यांत ३५ पडले. अपायाच्या बाबतीत मात्र दोहोंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

हे कसे घडते? मूत्राशय ही मुळी मूत्र साठविण्यासाठी घडविलेली पिशवी. तिचे अस्तर गळके असते तर शरीराने बाहेर टाकलेली घाण पुन्हा रक्तात शिरली असती. तेच अस्तर औषधासही अडविते. जांभळ्या रंगाचे मायटोमायसिन घ्या. त्याचा रेणुभार ३३४, म्हणून ते रक्तात फारच थोडे उतरते व केस जागच्या जागी राहतात. पूर्वी थायोटेपा नावाचे औषध पुष्कळ वापरीत. त्याचा रेणुभार केवळ १८९. ते अस्तरातून झिरपून अस्थिमज्जेपर्यंत पोहोचे व रक्तातील पांढऱ्या पेशी घटवी. मूत्राशयातील औषधाविषयीची भीती अगदीच निराधार नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

आता खरा धोका. खरवडताना मूत्राशयाच्या भिंतीस भोक पडले, तर औषध बाहेर ओटीपोटात उतरते आणि तेथील मांस जाळून टाकते. अशा जखमा महिनोन्‌महिने भरत नाहीत. यात रुग्ण दगावल्याच्याही नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत. म्हणून भोक पडल्याची शंका असेल, खरवडणे फार खोल गेले असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर शस्त्रवैद्य औषध देतच नाहीत. 'शेजारच्या खाटेवर दिले, आम्हांलाच का नाही?' असा रुसवा मी अनेकदा ऐकला आहे. त्या रुसणाऱ्यांस माझे सांगणे एवढेच की, तेथे हात आखडला तो तुमच्याच जिवासाठी.

औषध तासाभराने, क्वचित दोन तासांनी, नळीवाटे काढून टाकतात. पुढे काही दिवस जळजळ होते, वारंवार लघवीस जावे लागते. मायटोमायसिनने कोणाच्या तळहातांवर वा गुह्यभागी पुरळही उठते. तसे झाल्यास डॉक्टरांस अवश्य कळवावे. पहिले काही तास पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, भरपूर पाणी ओतावे, हात व अंग साबणाने धुवावे. लघवीने भिजलेले कपडे धुणाऱ्या गृहिणीने रबरी हातमोजे घालावेत. हे सांगावयाचे बहुधा राहून जाते.

आणखी एक घोटाळा होतो तो बी.सी.जी.चा. तेही मूत्राशयातच भरतात. पण ती केमोथेरपी नव्हे, ते जिवंत जंतू आहेत. ताज्या जखमेतून ते रक्तात शिरले तर जिवावर बेतते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर निदान दोन आठवडे ते देत नाहीत, आणि लघवीत उघड रक्त दिसत असेल तर त्याहूनही पुढे ढकलतात.