रक्त कमी, लोह मात्र जास्त!

"अगं, पोर किती फिकट दिसतंय! बीटाचा रस दे, गूळ-शेंगदाणे दे, लोखंडी कढईत भाजी करत जा..." घरात थॅलेसेमियाचं मूल असलं की आल्या-गेल्याचा हा सल्ला ठरलेला, मग गाव खामगाव असो की मेहकर. सल्ला मायेपोटीच असतो, पण या मुलांसाठी नेमका उलटा!

थॅलेसेमिया मेजरमध्ये शरीराला हिमोग्लोबिन नीट तयार करता येत नाही, म्हणून दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. एका पिशवीतून साधारण 200 ते 250 मिलिग्रॅम लोह आत जातं. बाहेर किती पडतं? दिवसाला जेमतेम 1 ते 2 मिलिग्रॅम. उरलेलं यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठत राहतं. वयात येणं लांबतं, मधुमेह होतो, पुढे हृदय थकतं. वरून काही कळत नाही, कारण रक्त चढलं की गालांवर लाली येते. आतलं समजतं ते फेरिटिनच्या तपासणीतून.

आणि मग सुरू होतो झाडपाल्याचा शोध. त्यात पहिलं नाव गव्हांकुराचं. ते अगदीच हवेतलं नाही. 2004 मध्ये चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉक्टरांनी एक छोटा अभ्यास छापला होता. रोज 100 मिली रस घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांची रक्ताची गरज कमी झालेली दिसली. पण मुलं होती फक्त 16, आणि 2009 मध्ये छापलेल्या दुसऱ्या अभ्यासात तो गुण दिसला नाही. शिवाय प्रश्न रक्ताच्या गरजेचा होता, साठलेलं लोह काढण्याचा नव्हेच.

चहाचं मात्र खरं आहे. जेवणासोबत घेतलेला कोरा चहा अन्नातलं लोह अडवतो. ज्यांना क्वचितच रक्त लागतं, त्यांना याचा उपयोग जास्त. पिशवीतून थेट शिरेत गेलेल्या लोहापुढे चहा काय करणार? आपली हळद थायलंडमध्ये आणि 'मिल्क थिसल' नावाची काटेरी वनस्पती इराणमध्ये रुग्णांना देऊन पाहिली गेली. तीही नेहमीच्या उपचारांच्या जोडीला, त्यांच्याऐवजी नाही.

लोह खेचून काढतात ती औषधं वेगळी. डेस्फेरॉलची सुई पंपाने रात्रभर, आठवड्यातल्या पाच-सहा रात्री पोटाच्या कातडीखाली टोचून ठेवायची. किंवा डेफेरिप्रोन, डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या. कंटाळवाणं आहे, मान्य. गोळ्यांनी पोट बिघडतं, रक्ताच्या आणि किडनीच्या तपासण्या कराव्या लागतात. काढा सोपा वाटतो तो म्हणूनच! पण काढ्यापायी गोळी सुटली, तर लोह साठतच राहणार.

'नैसर्गिक आहे, अपाय कसला?' हे तर आपल्या जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांना एकाएकी टक्कल पडू लागलं, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्करांनी बोट दाखवलं होतं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे.

'रक्त वाढवणारी' बाटली आणाल तर आधी लेबल वाचा. लोहासव, पुनर्नवा मंडूर, लोहभस्म यांत लोहच असतं. आवळा, लिंबू, क जीवनसत्त्वाच्या गोळ्या अन्नातलं लोह शोषायला मदत करतात, म्हणून त्या मनाने सुरू करू नका. आणि घरात काही पाला-काढा चालू असेल, तर रक्त चढवायला जाल तेव्हा डॉक्टरांना नावासकट सांगा. रागावतील म्हणून लपवू नका. यकृताचे आकडे बिघडले, तर कशामुळे ते त्यांना कळायला हवं.