थोडे काम केले की दोन दिवस अंथरुणात? लाँग कोविडच्या थकव्यात ‘जोर लावणे’ का उलटते, समजून घ्या

कोरोना होऊन गेला, रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी अंगातला थकवा जात नाही. यावल तालुक्यात केळीच्या बागेत रोजंदारीवर जाणाऱ्याला असा त्रास झाला, तर घरचे म्हणतात अशक्तपणा आहे आणि गाव म्हणते आळस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. काहींचा त्रास मात्र त्यानंतरही सुरूच राहिला.

लाँग कोविड म्हणजे काय?

संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याची व्याख्या केली. कोरोना झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी लक्षणे असतील, ती किमान दोन महिने टिकली असतील आणि दुसरे कारण सापडत नसेल, तर तो लाँग कोविड. थकवा, धाप, विसराळूपणा, झोप न लागणे, धडधड ही नेहमीची लक्षणे आहेत.

आयसीएमआरने देशभरातील ३१ रुग्णालयांतून घरी गेलेल्या १४,४१९ कोरोना रुग्णांचा पाठपुरावा केला. घरी गेल्यावर ४ ते ८ आठवड्यांनी १७.१ टक्के लोकांना काही ना काही त्रास होता. हे सगळे रुग्णालयात दाखल झालेले रुग्ण होते, हे लक्षात घ्या. मात्र घरीच बरे झालेल्यांनाही लाँग कोविड होऊ शकतो.

हा थकवा वेगळा कसा?

साधा थकवा रात्रीच्या झोपेने उतरतो. लाँग कोविडमध्ये अनेकांना श्रमाचा फटका उशिरा बसतो. समजा, सोमवारी बरे वाटले म्हणून दिवसभर घड वाहिले. त्या दिवशी काही होत नाही. मंगळवारी किंवा बुधवारी अंग गळून जाते, डोके जड होते, उठवत नाही. म्हणून ‘काम केले की ताकद येईल’ हा सल्ला इथे उलटतो.

जुन्या मोबाइलची बॅटरी आठवा. शंभर टक्के दाखवते, पण व्हिडिओ लावला की झरझर उतरते. अशा फोनवर आपण जपून काम करतो. शरीराचेही तसेच करायचे.

मग रोजचे काम कसे करायचे?

• दमण्याआधी थांबा. अर्धा तास निंदणी केल्यावर त्रास होत असेल, तर पंधरा मिनिटांनीच सावलीत बसा.
• जड कामे एकाच दिवशी करू नका. धुणे आज, बाजार उद्या.
• भाजी चिरणे, दाढी, अंघोळ बसून करा.
• कोणते काम केले आणि त्रास कधी झाला, हे मोबाइलमध्ये रोज नोंदवा. दोन आठवड्यांत तुमची मर्यादा दिसू लागेल.
• बरे वाटलेल्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकू नका. सर्वाधिक घसरण तिथेच होते.
• श्रमानंतर त्रास वाढत नसेल, तरच चालणे हळूहळू वाढवा.

उभे राहताच धडधडते, चक्कर येते?

पडून असताना एक मिनिट नाडी मोजा. मग उभे राहून दहा मिनिटांच्या आत पुन्हा मोजा. ठोके ३० किंवा त्याहून जास्त वाढले, तर तो आकडा डॉक्टरांना दाखवा. खान्देशच्या एप्रिल-मेच्या उन्हात हा त्रास वाढू शकतो.

सलाइनने ताकद येते का?

सलाइनमध्ये मुख्यतः पाणी, मीठ किंवा साखर असते. शरीरातले पाणी कमी झाले असेल तर उपयोग होतो, लाँग कोविड त्याने बरा होत नाही. ‘शक्तीचे इंजेक्शन’ घेताना त्यात काय आहे ते विचारा. सल्ल्याशिवाय घेतलेल्या स्टिरॉइडने रक्तातील साखर वाढू शकते. लाँग कोविड ओळखणारी एकच अशी तपासणी नाही आणि त्यावर एकच ठरलेले औषधही नाही.

आधी काय तपासायचे?

प्रत्येक थकवा कोरोनाचा नसतो. यावलचे ग्रामीण रुग्णालय किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉइड, बी-१२ यांबद्दल विचारा. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त असेल, तर क्षयरोगाची तपासणी करा. ती सरकारी केंद्रात मोफत होते. प्रवास झेपत नसेल, तर सरकारच्या ‘ई-संजीवनी’वरून मोबाइलवर मोफत सल्ला मिळतो. छातीत दुखणे, बसल्या जागी धाप, शुद्ध हरपणे किंवा शरीराची एक बाजू लुळी पडणे, यापैकी काहीही झाले तर वाट न पाहता १०८ वर फोन करा.

घरच्यांनी काय करायचे?

रोज बुडाला की घरात ओढ लागते, म्हणून आजारी माणूस लवकर उठतो आणि पुन्हा पडतो. त्याला हलके काम, अर्धा दिवस, बसून करता येणारे काम वाटून द्या. अनेकांना काही महिन्यांत उतार पडतो, काहींना वर्षे लागतात. तोपर्यंत त्याला आळशी म्हणू नका.